गुडघ्यांवरचा महिना

नेविलने प्लास्टिकची खुर्ची पायाने हळूच मागे सरकवली आणि ब्रँडनच्या हॉलमधल्या गार लादीवर गुडघे टेकले. रोझरीच्या, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेच्या, पाच रहस्यांपैकी पहिलं सुरू झालं तेव्हा सगळेच गुडघ्यांवर होते, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्याला म्हाताऱ्या उठून खुर्च्यांवर बसल्या. मग गुडघे दुखणारे बसले, मग ज्यांचं काहीच दुखत नव्हतं तेही बसले. तिसऱ्या रहस्यापर्यंत हॉलमध्ये दोघंच ताठ उरली होती, टेबलावरची मरियामाता आणि लादीवरचा नेविल.

आता हा माणूस कोण, तर गेली कित्येक वर्षं रोझरीला दाराजवळची खुर्ची पकडून मोबाइलवर क्रिकेटचा स्कोअर बघणारा. वय अडतीस. वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये मशीनचे पार्ट मोजायचे आणि पास-नापास करायचे हे त्याचं काम. घरात बायको निकोल, सहा वर्षांची टान्या आणि आई जोसेफिन. कोलशेतच्या त्यांच्या गावठाणात ऑक्टोबरभर रोज संध्याकाळी मूर्ती एका घरातून दुसऱ्या घरी जाते, तिच्यामागून माणसं जातात, रोझरी होते, आणि शेवटी चहा आणि उकडलेले चणे. नेविल फक्त चण्यांसाठी येतो असं त्याची आईच सगळ्यांना सांगायची. तेव्हा तो असा गुडघ्यांवर राहिलेला पाहून लोकांनी एकमेकांना कोपराने ढोसलं यात नवल नाही.

हा सगळा कार्यक्रम ब्रँडन चालवायचा. कुणाच्या घरी कधी मूर्ती, कुठलं रहस्य कोण म्हणणार, सगळं त्याच्याकडे. माणूस सोन्यासारखा, पण समोरच्याला आराम दिल्याशिवाय त्याला चैन पडायची नाही. त्याने खुर्ची उचलून नेविलच्या मागे लावली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली दाबलं. नेविलचे डोळे पाण्याने भरले. ब्रँडनने ते पाणी पाहिलं आणि त्याला भक्तीचा उमाळा समजून तो आणखी प्रेमाने दाबायला लागला.

"राहू दे, ब्रँडन," स्टुलावरून जोसेफिन म्हणाली. "नवस हाय त्याचा. ऑक्टोबर संपेपर्यंत रोझरीला बसणार नाय."

ब्रँडनचा हात खांद्यावरून उचलला गेला. नेविलने वळून आईकडे पाहिलं, तर ती मणी ओढत होती आणि तिची नजर मूर्तीवर होती. पोरगा बसत नाही हे बघून म्हातारीने आपल्या मनानेच नवस ठरवून टाकला, असं त्याला वाटलं. त्याने ते खोडून काढलं नाही. खोडलं असतं तर खरं कारण सांगावं लागलं असतं, आणि ते कारण त्याच्या पॅंटच्या आत पेटलेलं होतं.

झालं होतं असं. गणपतीच्या सुमारास त्याला जांघेच्या घडीत आणि मागे, अगदी बसायच्या जागी, बारीक बारीक चामखीळ दिसले. घामोळं असेल म्हणून त्याने त्यावर पावडर मारली. घामोळं पावडरीने वाढत नाही, हे वाढले. मग त्याने मोबाइलवर वाचलं, आणि वाचून झाल्यावर मोबाइल पालथा घालून ठेवला.

निकोलला सांगायला त्याला आठवडा लागला. ती मेथी निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, लग्नाआधीचं की नंतरचं. आधीचं, तो म्हणाला, आणि ते खरं होतं. दोन दिवस ती त्याच्याशी जेवढ्यास तेवढं बोलली. तिसऱ्या दिवशी तिनेच डोंबिवलीतल्या एका त्वचारोगाच्या डॉक्टरबाईंची वेळ घेतली, कारण ठाण्यात कुठल्याही दवाखान्यात गेलं तरी काउंटरवर आपल्यापैकी कुणाची तरी भाची बसलेली असते. तिने स्वतःचीही तपासणी करून घेतली, तिला काही नव्हतं. आणि परत येताना स्टेशनबाहेरून त्याच्यासाठी सैल सुती चड्ड्या घेतल्या, घासाघीस करून. ती पिशवी हातात घेताना नेविलला रडू आलं. निकोल म्हणाली, रस्त्यात नको, घरी जाऊन रड.

डॉक्टर मंजुळा साळवी बोलायला सरळ होत्या. हा विषाणू अंगात वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो, कुणाकडून कधी आला ते शोधत बसू नका, हे पुष्कळांना होतं, आणि माझ्याशी बोलताना फरशीकडे बघायची गरज नाही, असं त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं. मग मलमाच्या छोट्या पुड्या दिल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार, झोपताना लावायचं, पातळ थर, फक्त चामखिळावर, सकाळी साबणपाण्याने धुऊन टाकायचं. थोडं लाल होईल, खाजेल, आग होईल, म्हणजे औषध काम करतंय. सालं निघाली, जखम झाली, ताप आला, तर थांबायचं आणि मला फोन करायचा. वेळ लागेल, काही आठवडे जातील, घाई करू नका. एवढं सगळं त्यांनी दोनदा सांगितलं.

नेविलने घाई केली. त्याला कारण होतं, आणि त्या कारणाचं नाव जोसेफिन.

शेवटच्या रहस्याच्या आधी घरोघरच्या लोकांनी आपापल्या विनंत्या मोठ्याने सांगायच्या, असा त्यांच्याकडचा रिवाज. कुणी परीक्षेसाठी सांगतो, कुणी नोकरीसाठी. बाकीचे लोक मोघम सांगायचे. जोसेफिन तपशिलात सांगायची, कारण देवाला नीट कळायला पाहिजे असं तिचं म्हणणं. नेविलचे केस गळायला लागले तेव्हा तिने त्याच्या टाळूसाठी प्रार्थना मागितली होती, आणि 'मागच्या बाजूचे जास्त' असंही सांगितलं होतं. शेजारच्याला मूळव्याध झाली तेव्हा ती कुठल्या प्रकारची हे सगळ्या गावठाणाला जोसेफिनकडून कळलं. आणि निकोलच्या लग्नानंतरच्या दुसऱ्या ऑक्टोबरमध्ये तिने पन्नास माणसांसमोर निकोलच्या कुशीसाठी विनंती केली, कुठल्या डॉक्टरने काय सांगितलं त्यासकट. निकोल त्या दिवशी मोरीत नळ सोडून रडली होती. पुढे टान्या झाली, आणि जोसेफिनने त्याचं श्रेय उघडपणे त्या विनंतीला दिलं. तेव्हापासून निकोल सासूला साधी सर्दी झाल्याचंही सांगत नसे.

मनाने म्हातारी वाईट नव्हती, उलट जिवाला जीव देणारी. पण तिच्या पोटात काही राहायचं नाही. तिला हे कळलं की दुसऱ्याच दिवशी मरियामातेला, ब्रँडनला आणि गावठाणाला एकदमच कळणार, जागेसकट, हे नेविलला पक्कं ठाऊक होतं. आणि मग टान्याच्या शाळेतल्या मैत्रिणींच्या आया, वर्कशॉपमधला त्याचा सुपरवायझर जो याच गावठाणातला, सगळे निकोलकडे बघणार. त्याला स्वतःपेक्षा निकोलसाठी जास्त भीती वाटत होती. ती दुसऱ्यांदा मोरीत जाऊन रडली असती तर त्याला तोंड दाखवायला जागा नव्हती.

त्यात महिन्यातलं शेवटचं घर त्यांचंच होतं. एकतीस तारखेला मूर्ती त्यांच्याकडे, माणसं त्यांच्याकडे, आणि विनंत्या सांगायचा मान घरातल्या थोरल्या बाईचा. त्याआधी हे सगळं संपवून मोकळं व्हायचं, असं नेविलने ठरवलं. कामावर केसभर जास्त भरलेला पार्ट तो नापास करायचा, आणि घरी मात्र आठवड्यातून तीनच रात्री लावायचं औषध त्याने रोज रात्री लावलं, तेही चांगलं थापून. जास्त लावलं तर लवकर जाईल, असा त्याचा हिशेब.

चामखीळ राहिले बाजूला, आजूबाजूची कातडी गेली. लाल झालं, मग सोललं, मग ओलसर जखमा झाल्या. अंग मोडून यायला लागलं, संध्याकाळी कणकण. मोटरसायकल घराखाली उभी राहिली. टीएमटीच्या बसमध्ये तो रिकाम्या सीटच्या बाजूला दांडी धरून उभा राहायचा. कंडक्टरने दोनदा बसा की म्हणून पाहिलं, नंतर त्याने नाद सोडला. वर्कशॉपमध्ये उभ्याचं काम म्हणून निभावलं. घरी तो ओट्याशी उभा राहून जेवायचा आणि बसून बसून पोट सुटतंय म्हणून सांगायचा. टान्याला रोझरीला बापाच्या मांडीवर झोपायची सवय. आता मांडी नाही म्हटल्यावर ती गाल फुगवून आजीच्या पायाशी बसायला लागली. राहिली रोझरी. तिथे उभं राहता येत नाही, बसवत नाही, मग गुडघे.

ब्रँडनने खांदा दाबला त्याच्या दुसऱ्या दिवशी तो डोंबिवलीला गेला. डॉक्टरबाईंनी तपासलं, हातमोजे काढून टाकले आणि विचारलं, सोमवार, बुधवार, शुक्रवार यातलं काय कळलं नाही. नेविलने खरं ते सांगितलं, घराचं, आईचं, विनंत्यांचं. त्या हसल्या नाहीत. मलम पूर्ण बंद, कोमट पाण्याने धुवायचं, घासायचं नाही, कोरडं ठेवायचं, सैल कपडे, जखमांवर लावायला हे साधं दुसरं मलम. सगळं भरून आलं की मला दाखवायचं आणि मग पुन्हा तीन रात्री, तीनच. दाराशी आल्यावर त्या म्हणाल्या, "तुमचं काही बिघडलेलं नाही. कातडी फार समजूतदार असते, तिला थोडी सुट्टी द्या." ते वाक्य नेविल परतीच्या वाटेवर मनातल्या मनात म्हणत राहिला, आणि कित्येक दिवसांनी त्याला हायसं वाटलं.

इकडे गावठाणात त्याचा बोलबाला झाला होता. नवसाची गोष्ट ब्रँडनने पसरवली आणि ती घरोघर वाढत गेली. कुणी म्हणालं बापाच्या आत्म्यासाठी आहे, कारण पॉल जाऊन याच महिन्यात पाच वर्षं होत होती. कुणी म्हणालं मुलगा व्हावा म्हणून. रोझरी सुटल्यावर बायका त्याच्याजवळ येऊन हळूच सांगायला लागल्या, आमच्या विनीतच्या व्हिसासाठी पण एक नमो मरिया म्हण, तुझं ऐकेल ती. नेविल मान हलवायचा. खरं तर तो नुसते ओठ हलवत होता, शब्द त्याला निम्मेच पाठ होते.

सगळ्यात वाईट वाटायचं ते आईकडे बघून. ती खूश होती, निदान त्याला तरी तसं वाटत होतं. तिने त्याच्या पलंगावर पॉलचे जुने सुती लेंगे काढून ठेवले होते, ऑक्टोबरच्या उकाड्यात जीन्स कशाला म्हणून. त्याचे कपडे मशीनमध्ये न टाकता ती वेगळे, टान्याच्या साबणाने हाताने धुवायला लागली होती. तो ओट्याशी उभा राहून जेवायला लागल्यावर तिने वर्षभरासाठी कुटलेल्या बाटली मसाल्याचे डबे हलवून तिथे त्याच्या ताटापुरती जागा केली, आणि त्याला एका शब्दाने विचारलं नाही. नवस करणाऱ्या पोराचे ती लाड करतेय, असं समजून नेविल खाली मान घालून जेवायचा. एकदा त्याने निकोलला म्हटलं, सांगून टाकू या का मम्मीला, खोट्यावर एवढी माया घेववत नाही. निकोल टान्याची वेणी घालत होती. ती म्हणाली, सांग, पण मग विनंतीत कुठली जागा म्हणायची तेही ठरवून दे तिला.

जखमा भरल्या. डॉक्टरबाईंनी पाहिलं, पुन्हा सुरू करायला सांगितलं, आणि आता तो तीनच रात्री लावत होता, पातळ थर. लालसर व्हायचं, थोडी आग व्हायची, सकाळी धुतलं की दुपारपर्यंत निवायची. चामखीळ खरोखरच बसत चालले होते. बसमध्ये एक दिवस तो कडेला का होईना, सीटवर टेकला. कंडक्टरने त्याच्याकडे बघून मान डोलावली.

एकतीस तारखेला सकाळी तो आंघोळ करून बाहेर आला, शर्टाची बटणं लावली, आणि एकदम आठवलं. रिकामी पुडी. आदल्या रात्री लावल्यावर त्याने ती नेहमीसारखी कागदात गुंडाळून खिशात टाकली नव्हती, बाथरूममध्ये आरशाखालच्या फळीवर ठेवली होती. तो परत गेला. फळी ओल्या फडक्याने पुसलेली होती. ब्रश रांगेत, साबण जागेवर, पुडी नाही. बाथरूमबाहेर बादली आणि फडकं घेऊन जोसेफिन उभी होती. संध्याकाळी माणसं येणार, हातपाय धुवायला आत जातील, म्हणून घासून घेतलं, असं ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात फुग्यांचं, म्हणजे तळायच्या गोल पावांचं, पीठ बघायला गेली.

तो दिवस नेविलने कसा काढला ते त्यालाच माहीत. त्याच्या हातून त्या दिवशी दोन चांगले पार्ट नापास झाले. निकोलला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, चणे भिजलेत, लवकर ये. संध्याकाळी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. ब्रँडनने खुर्च्या मांडल्या, मूर्ती आली, झेंडूची माळ चढली, तळलेल्या फुग्यांचा वास ओटीपर्यंत पसरला होता. निकोल भिंतीला टेकून उभी होती आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. नेविल मूर्तीसमोर गुडघ्यांवर होता. आता त्याला बसता आलं असतं, पण नवस महिनाभराचा आणि महिना अजून संपला नव्हता.

चौथं रहस्य झालं. जोसेफिन स्टुलाला धरून उठली. ब्रँडनने तिच्याकडे बघून हसून मान लववली, कारण आता वेळ लागणार हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

तिने सुरुवात पॉलपासून केली, त्याच्या आत्म्याच्या शांतीसाठी. मग ब्रँडनच्या आईच्या मोतीबिंदूसाठी, डाव्या डोळ्याच्या, जो पिकलेला आहे आणि उजव्याच्या, जो अजून पिकायचा आहे. मग विनीतच्या व्हिसासाठी, देशाच्या नावासकट. मग ज्यांच्या जमिनीची केस चाललीय त्यांच्यासाठी, त्यांच्या वकिलासाठी, आणि वकिलाला बुद्धी यावी यासाठी. लोक प्रत्येक वेळी हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक असं म्हणत होते. मग ती थांबली. नेविलने डोळे मिटले. त्याला निकोलच्या बांगड्या वाजल्याचं ऐकू आलं.

"आनी ज्यांचं दुखणं सांगता येत नाय, त्यांच्यासाठी," जोसेफिन म्हणाली. "देवाला ठावूक हाय काय ते. आपल्याला ठावूक नसलं तरी चालतं."

लोक पुढच्या तपशिलाची वाट बघत राहिले, तो आला नाही. ब्रँडनला जरा उशिराच लक्षात आलं आणि त्याने घाईने हे प्रभो म्हणायला सुरुवात केली. सगळ्यांनी पुरं केलं. निकोलने भिंत सोडली आणि ती खाली चटईवर बसली, ओढणीने तोंड पुसत.

जोसेफिन स्टूल ओढत नेविलच्या शेजारी आली आणि धप्पकन बसली. पाचव्या रहस्यासाठी तिने माळ पुढे घेतली, आणि मान न वळवता, फक्त त्यालाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"बस आता, बाला. आता दुखायचं नाय."

नेविल तिच्याकडे बघत राहिला. तिने टान्याच्या साबणाने धुतलेले ते कपडे, बापाचे ते लेंगे, ओट्यावरची ती ताटापुरती जागा, सगळं एकामागून एक त्याच्यासमोर आलं. सगळं नवसाच्या आधीपासूनचं होतं, ब्रँडनच्या घरच्या त्या संध्याकाळच्या आधीपासूनचं; धुताना कपड्यांवरचे डाग तिने पाहिलेच असणार.

"आणि नवस?" तो कसाबसा म्हणाला.

"तुझा कुठला नवस? माझा व्हता. महिनाभर तोंड बंद ठेवायचा." तिने पहिला मणी बोटात धरला. "आज संपतो. उद्यापासनं माझा भरवसा नाय."

नेविलने खुर्ची ओढली आणि तो बसला, नीट, पाठ टेकून. ब्रँडनने लांबून भुवया उंचावल्या, जोसेफिनने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने त्या खाली घेतल्या. टान्या आजीच्या पायाशी होती. तिने बापाला बसलेलं पाहिलं, काही न विचारता उठली, त्याच्या मांडीवर चढली आणि डोकं त्याच्या छातीवर टाकून डोळे मिटले. सहा वर्षांच्या पोरीचं वजन काही कमी नसतं. थोडी आग झाली, मग तीही गेली.

जोसेफिनने नमो मरिया म्हणायला सुरुवात केली. उरलेलं अर्धं लोकांनी म्हणायचं असतं. ती वेळ आली तेव्हा सगळ्यांच्या किंचित मागून, पण चांगल्या मोठ्या आवाजात, नेविलने ते म्हटलं, आणि एव्हाना त्याला ते पूर्ण पाठ झालं होतं.